कपाटावरचा राउटर भंगारात देऊ नका

लाइपझिग,
दि. ९ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

माडीवर वायफाय येत नाही म्हणून दुकानदार बूस्टर घ्या म्हणतोय, असं परवा तुम्ही म्हणालात. एवढ्यात घेऊ नका. आणि कपाटावर पडलेला जुना राउटर भंगारवाल्याला देऊ नका, त्यावरच काम भागेल. हे फोनवरच सांगणार होतो, पण तुम्ही रेंजसाठी अंगणात उभे, मध्येच आईची हाक, नि सगळं अर्ध्यावर राहतं. म्हणून पत्र. चिन्मय आला की त्याच्या हातात द्या.

आमच्याकडेही तेच दुखणं होतं. ही इमारत शंभर वर्षांपूर्वीची, विटांच्या जाडजूड भिंतींची. इंटरनेटची लाइन येते दाराशी आणि स्वयंपाकघर लांबलचक बोळाच्या पार टोकाला. भाकरी थापता थापता आईला व्हिडिओ लावला की ती तोंड उघडं टाकून थिजायची. मला वाटायचं, चिडली.

इथं लोक नको असलेल्या वस्तू खोक्यात भरून दारासमोर ठेवतात, वर 'त्सू फरशेंकन' अशी चिठ्ठी, म्हणजे फुकट न्या. अशाच एका खोक्यात मला राउटर मिळाला, अडॅप्टरसकट. मेघा म्हणाली, 'आता भंगार गोळा करायचंच राहिलं होतं.' पण आईनं बॅगेत टाकलेली साडीपिन अखेर कामी आली. मागच्या बारीक भोकात ती खुपसून दहा सेकंद दाबून धरली, दिवे लुकलुकले आणि आधीच्या मालकाचं सगळं पुसलं गेलं. मग कंपनीच्या साइटवरचं नवं फर्मवेअर, म्हणजे डब्याच्या आतला प्रोग्राम, चढवलं आणि सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्ड बदलला. दुसऱ्याच्या घरातून आलेल्या डब्याला एवढं करावंच.

पहिल्या दिवशी मी घाईत मोठ्या राउटरची वायर याच्या निळ्या भोकात खुपसली. इंटरनेट लगेच आलं, मी खूश. संध्याकाळी मेघा स्वयंपाकघरातून छापायला गेली तर लॅपटॉपला प्रिंटर दिसेचना. निळं भोक बाहेरच्या लाइनसाठी असतं. तिथं वायर लावली की हा डबा स्वतःचं वेगळं घर थाटतो, आणि त्या घरातून या घरातला प्रिंटर सापडत नाही. वायर पिवळ्या भोकातून पिवळ्या भोकात हवी.

दुसऱ्या दिवशी तसं केलं, तर आणखी घोळ. माझा फोन चालेना, मेघाचा चाले, तासाभरानं उलटं. तुम्हाला हे माझ्यापेक्षा लवकर कळेल. समजा वाई-महाबळेश्वर गाडीत दोन कंडक्टर चढले, दोघांकडे रिझर्वेशनचा वेगवेगळा चार्ट, आणि १७ नंबर दोघांनी दोन माणसांना दिला. घरातल्या प्रत्येक फोनला, लॅपटॉपला असाच एक सीट नंबर लागतो आणि तो वाटणाऱ्या कंडक्टरला डीएचसीपी म्हणतात. तो गाडीत एकच हवा. शिवाय माझा दुसरा कंडक्टर बाहेर जायचा रस्ता म्हणून स्वतःकडेच बोट दाखवत होता, आणि त्याच्याकडे रस्ताच नव्हता.

तेव्हा चिन्मयला क्रम नीट सांगा. जुना राउटर आधी एकटाच लॅपटॉपला वायरनं जोडायचा. वायफायचं नाव आणि पासवर्ड हुबेहूब खालच्या राउटरचेच द्यायचे, कुलूप डब्ल्यूपीए२ चं ठेवायचं. चॅनल, म्हणजे वायफायची हवेतली पट्टी, मात्र वेगळा: खाली १ असेल तर वर ६ किंवा ११. मग त्याचा पत्ता, म्हणजे त्याचा स्वतःचा सीट नंबर, बदलायचा. माझा मोठा राउटर १९२.१६८.१७८.१ वर आहे आणि सीट वाटतो २० पासून पुढे, म्हणून याला मी शेवटचा आकडा २ दिला. आपल्याकडचा पत्ता राउटरच्या बुडाच्या चिठ्ठीवर असेल. तो कुठल्या नंबरांत वाटप करतो ते बघून त्याबाहेरचा एक घ्यायचा. पत्ता बदलला की लॅपटॉपवरचं सेटिंगचं पान नुसतं गोल गोल फिरत बसतं. बिघडलेलं नसतं, नव्या पत्त्यावर जाऊन पुन्हा आत शिरायचं. मी तिथं घाबरून पिन पुन्हा खुपसली आणि सगळं पहिल्यापासून केलं. सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद, आणि मगच पिवळ्यातून पिवळ्यात वायर.

इथं रविवारी भिंतीला ड्रिल लावलं तर शेजारी दारात येतात, म्हणून मी चपटी वायर घेऊन दाराखालून, भिंतीच्या कडेकडेनं नेली. आपल्याकडे जिन्यातून वर चढवा. कॅट ५ई सांगून मागा. शंभर मीटरपर्यंत चालते, जिन्याला वीसही लागणार नाही.

बूस्टर मी मुद्दाम नको म्हणतोय. तो हवेतूनच ऐकतो आणि हवेतूनच पुढे सांगतो, साध्या बूस्टरमध्ये निम्मा वेग त्यातच जातो. आणि माडीवर त्याला आधी ऐकू तरी काय येणार, दोन फुटी भिंतीपलीकडून? वायरीला भिंतीचं सोयरसुतक नाही. माझ्या डब्याची भोकं जुनी, शंभर एमबीपीएसची, त्यामुळे स्वयंपाकघरात ९४ च्या वर वेग जात नाही. आईची भाकरी बघायला पुष्कळ झाला.

एक खोड मात्र राहते. खालून वर गेलात तरी फोन कधी कधी खालच्यालाच चिकटून बसतो. तेव्हा त्याचं वायफाय एकदा बंद करून चालू करा. आणि दोन्ही डबे इन्व्हर्टरच्या बटणावर घ्या, नाहीतर लाइट गेली की वरचा असून नसल्यासारखा. निळ्या भोकावर चिकटपट्टी लावून टाका, चिन्मय माझ्याहून घाईचा आहे.

आईला सांगा, मेतकूट पोचलं, बरणी अर्धी झालीसुद्धा. माडीवर लागलं की पहिला फोन तिथूनच करा, रात्रीचा. खिडकीतून पसरणी घाटातले गाड्यांचे दिवे दाखवा. कुठला दिवा कुठल्या वळणावर ते तुम्ही सांगायचं.

तुमचा,
मन्या