आधी आजीच्या सीडी उतरवा

ती. बाबांस,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर तुम्ही म्हणालात, सीडी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या, तर लिनक्सवर गाण्यांची सीडी माउंट होत नाही (फोल्डरसारखी उघडत नाही), लॉगमध्ये म्हणजे सिस्टमच्या नोंदींत एररच्या ओळींवर ओळी येतात, म्हणजे सीडी गेल्याच. एवढ्यावरून ते ठरत नाही, बाबा. कृपा करून एकही सीडी टाकू नका.

ऑडिओ सीडीवर फायली नसतातच. फिलिप्स आणि सोनीने 1980 साली ठरवलेल्या पद्धतीनुसार तिच्यावर सेकंदाला 44,100 नमुने या वेगाने आवाजाचे आकडे सलग लिहिलेले असतात. फाइल सिस्टम नसल्यामुळे माउंट करायला काही सापडत नाही आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तक्रार करतो. चांगल्या सीडीवरसुद्धा त्या ओळी येतात.

खरी परीक्षा सीडीपॅरानॉइयाची, म्हणजे सीडीवरून गाणी उतरवणाऱ्या प्रोग्रामची. त्याला नुसती गाण्यांची यादी विचारा. आज्ञा मेलने पाठवल्या आहेत, तिथूनच कॉपी करा. यादी आली तर ड्राइव्ह आणि परवानग्या ठीक आहेत. परवानगी नाकारली, तर तुमचं खातं सीडीरॉम नावाच्या गटात घाला आणि लॉगआउट करून परत लॉगिन करा. त्याशिवाय बदल लागू होत नाही. सगळं सुडो लावून (मुख्य प्रशासकाच्या अधिकाराने) करू नका, नाहीतर उतरवलेल्या फायली रूटच्या, म्हणजे त्या प्रशासकाच्या, मालकीच्या होतात आणि पुढे नाव बदलतानाही अडतं. 'डिव्हाइस बिझी' आलं, तर फाइल मॅनेजर किंवा प्लेअरने सीडी धरून ठेवली असेल. तो बंद करा. ड्राइव्ह मध्येच गायब होत असेल तर यूएसबी हब काढून थेट कॉम्प्युटरला जोडा. बाहेरच्या ड्राइव्हला बरेचदा वीज कमी पडते.

आता वेळ का लागतो ते. डेटा सीडीच्या 2,352 बाइटच्या सेक्टरमध्ये माहिती 2,048 बाइटच असते, उरलेली जागा पत्ता आणि जास्तीच्या चूक-दुरुस्तीसाठी. ऑडिओच्या सेक्टरमध्ये सगळे 2,352 बाइट आवाजाचेच. त्यामुळे ड्राइव्ह नेमका कुठून वाचतोय याची खात्री कमी, म्हणून सीडीपॅरानॉइया एकमेकांवर चढणारे तुकडे पुन्हा पुन्हा वाचून जुळवतो. साधा प्लेअर न वाचलेला नमुना शेजारच्या नमुन्यांवरून अंदाजाने भरतो, आणि कानाला ते कळतही नाही. 'प्लेअरवर तर वाजते' हा पुरावा म्हणूनच पुरेसा नाही. काम चालू असताना चिन्हांचे चेहरे दिसतात: हसरा असेल तर उत्तम, रडका दिसला तर ओरखडा सापडलाय. तेव्हा थांबवू नका, त्याला झगडू द्या. फारच अडला तर सीडी बाहेर काढून मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. वाचन ज्या दिशेने होतं त्याच दिशेने पडलेला ओरखडा जास्त घातक असतो. तरीही नाही जमलं, तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून बघा. एकाला न जमलेली सीडी दुसरा वाचतो, असं खूपदा होतं.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, क्रमाचा. विकतच्या सीडी थांबतील. त्यांच्यावरचे खड्डे कारखान्यात दाबलेले असतात, आणि तेच अल्बम पुन्हा कुठेतरी मिळूही शकतील. आजीच्या आवाजाच्या ज्या सीडी आपण घरी राइट केल्या, त्यांच्यात रंगद्रव्याचा थर असतो. तो उजेडाने आणि उष्णतेने उतरत जातो. त्यांची दुसरी प्रत जगात नाही. त्या आधी घ्या, आणि तोवर कपाटात बंद ठेवा. छापील बाजू वर आली म्हणून निर्धास्त राहू नका; चकाकणारा थर त्याच बाजूला, पातळ लाखेखाली असतो. त्यावर टोकदार पेनने काही लिहू नका.

फ्लॅक या फाइल प्रकारातच साठवा. त्यात आवाजाचं काही गळत नाही आणि जागा वेव्ह या न दाबलेल्या प्रकारापेक्षा बरीच कमी लागते. विकतच्या सीडींची नावं एबीसीडीई हा प्रोग्राम म्युझिकब्रेन्झ या इंटरनेटवरच्या सीडींच्या यादीवरून आणेल. जुन्या सेटिंगमध्ये फ्रीडीबी ही तशीच दुसरी यादी असेल तर ते बदला, ती सेवा 2020 मध्ये बंद झाली. आजीच्या सीडी तिथे सापडणार नाहीत. नावं तुम्हीच लिहा, आणि देवनागरीतच लिहा, फ्लॅकला ती चालते. कोणतं गाणं कोणत्या वर्षीचं, सोबत पेटीवर कोण होतं, हे आता तुम्हालाच माहीत आहे. तेही शेऱ्यात घाला.

पहिली सीडी झाली की तिची एक प्रत मला पाठवा, मीही इथे जपून ठेवते. दुसऱ्या डिस्कवर एक प्रत तुमच्याकडेही असू द्या. आईला नमस्कार.

तुमची,
मनू