आयनीभवन ऊर्जा बाणांनी नव्हे, आकड्यांनी शिकवावी

महोदय,

अकरावीच्या वर्गात आवर्तसारणीवर दोन बाण काढून, आयनीभवन ऊर्जा डावीकडून उजवीकडे आणि खालून वर वाढते एवढे पाठ करून घेतले की तो विषय संपला असे सर्रास मानले जाते. प्रवेश परीक्षेतील एका गुणापुरते ते चालतही असेल. पण ही ऊर्जा किती असते आणि तेवढीच का असते, हा हिशेब न करता पुढे गेलेल्या विद्यार्थ्याला अणूची रचना समजली, असे मला म्हणवत नाही.

वायुरूप अवस्थेतील एकट्या अणूपासून सर्वांत सैल इलेक्ट्रॉन पूर्णपणे दूर नेण्यास लागणारी किमान ऊर्जा, ही व्याख्या मुले घडाघडा म्हणतात आणि तीच मुले उत्तरपत्रिकेत ‘सोडियम सहज इलेक्ट्रॉन देऊन टाकतो’ असे लिहितात. वास्तविक त्यासाठी मोलमागे, म्हणजे अणूंच्या एका ठरावीक प्रचंड संख्येमागे, ४९६ किलोज्यूल खर्चावे लागतात. क्लोरीनने तो इलेक्ट्रॉन स्वीकारल्यावर सुमारे ३४९ किलोज्यूलच परत मिळतात, आणि उरलेली तूट भरून निघते ती दोन्ही आयन मिठाच्या स्फटिकात एकमेकांना बिलगतात तेव्हा.

गणिताची सुरुवात हायड्रोजनपासून करावी. त्याची आयनीभवन ऊर्जा १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट (एकेका अणूच्या हिशेबाला सोयीचे ऊर्जेचे एकक), म्हणजेच मोलमागे १३१२ किलोज्यूल आहे. एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या कोणत्याही आयनासाठी १३.६ ला अणुअंकाच्या वर्गाने गुणून कवचक्रमांकाच्या वर्गाने भागले की पुरते. हेलियमचा एक इलेक्ट्रॉन आधीच गेला असेल, तर दुसऱ्यासाठी या रीतीने ५४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट येतात आणि प्रयोगही तेच सांगतो. मात्र हेलियमचा पहिला इलेक्ट्रॉन अवघ्या २४.६ मध्ये सुटतो. दोन इलेक्ट्रॉनांमधील प्रतिकर्षण किती मोठे असते, हे याहून स्पष्टपणे दाखवणारे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन स्लेटर यांनी १९३० मध्ये दिलेल्या नियमांनुसार हेलियममधील प्रत्येक इलेक्ट्रॉनला केंद्रकाचा प्रभार २ ऐवजी १.७ इतकाच जाणवतो. येथे बहुतेक जण १.७ चा वर्ग करून त्याला १३.६ ने गुणतात आणि ३९.३ हे चुकीचे उत्तर काढतात, कारण मागे राहणाऱ्या इलेक्ट्रॉनचा त्यांना विसर पडतो. दोन्ही इलेक्ट्रॉनांची मिळून बंधनऊर्जा ७८.६ होते, एक गेल्यावर उरलेल्याला पूर्ण २ प्रभार जाणवतो, तो केंद्रकाकडे अधिक ओढला जातो आणि त्याची एकट्याची बंधनऊर्जा ५४.४ होते. या दोन अवस्थांमधील फरक २४.२, म्हणजे प्रायोगिक आकड्याच्या अगदी जवळ. आयनीभवन ऊर्जा हा अणू आणि आयन या दोन अवस्थांमधला फरक आहे, ही गोष्ट कोणत्याही बाणातून कळत नाही.

प्रश्नही त्याच धर्तीचे हवेत. एखाद्या मूलद्रव्याच्या क्रमागत आयनीभवन ऊर्जा मोलमागे ७३८, १४५१ आणि ७७३३ किलोज्यूल आहेत, तर ते कोणत्या गणातील असेल? तिसऱ्या आकड्याची उडी पाहून आतले कवच फुटले हे ज्याने ओळखले, त्याला मॅग्नेशियम हे नाव ऐकण्याची गरजही उरत नाही.

तप्त वायूतील किती अणू आयनरूपात असतील हे सांगणाऱ्या, मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या समीकरणात हीच ऊर्जा घातांकात येते. त्यामुळे ६.१ इलेक्ट्रॉनव्होल्टचे कॅल्शियम सूर्याच्या पृष्ठभागाजवळ बहुतांशी आयनरूपात आढळते, तर १३.६ चा हायड्रोजन जवळजवळ सगळा उदासीन राहतो. आपल्याच देशातील शास्त्रज्ञाने ताऱ्यांचे वर्णपट वाचण्याची किल्ली ज्या राशीतून घडवली, तिच्यासाठी अभ्यासक्रमात दोन तासिका अधिक देणे मुळीच जड नाही.

आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पानावर संभाव्य प्रश्नांच्या याद्यांबरोबर हेलियमसारखे एखादे उदाहरण पायरीपायरीने सोडवून छापावे, ही विनंती.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, सातारा