तात्या, तुमची कात्रणांची फाईल अजून माझ्याकडेच आहे

तात्या, सा.न.वि.वि. वगैरे तुम्हाला आवडत नाही म्हणून डायरेक्ट सुरू करते. हे सगळ्यांसमोर लिहितेय कारण घरी येऊन थँक्यू म्हटलं की तुम्ही "चहा घे" म्हणून विषय बदलता, तीन वेळा झालंय असं. आता नातवाकडून वाचून घ्या, मध्ये थांबवू नका त्याला.

बाकीच्यांसाठी सांगते, तात्या म्हणजे आमच्या गावच्या दूध डेअरीवर तीस एक वर्षं फॅट लावणारे, म्हणजे दुधातली फॅट मशीनवर मोजणारे तात्या. फुलंब्री तालुक्यातलं गाव आमचं. माझी राज्यसेवेची मेन्स निघाली आणि इंटरव्ह्यूच्या आधी पुण्यात एक मॉक दिला, तिथे पॅनेलवरच्या सरांनी फॉर्म बघून पहिलाच बॉल टाकला, फुलंब्री का, मग तुमचा आमदार राज्यपाल झाला ना, सांगा त्यांच्याबद्दल. मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं, हरिभाऊ बागडे, राजस्थानचे राज्यपाल, 31 जुलै 2024 ला जयपूरला शपथ, कलराज मिश्र यांच्या जागी. सर म्हणाले हे मोबाईलवर पण आहे, माणूस सांगा. तात्या, मी ब्लँक. लोक त्यांना नाना म्हणतात एवढंच आलं तोंडातून. मग विचारलं, तिकडे राज्यपालांना कुलपती म्हणतात का, मी ठोकून दिलं हो सर, आणि सगळं पॅनेल हसलं. येताना एसटीत रडले, हे घरी पण सांगितलं नव्हतं, तुम्हाला दुसऱ्या दिवशी किटली ठेवतानाच कळलं होतं बहुतेक.

तुम्ही फक्त म्हणालात, "उद्यापासून साडेपाचला येत जा, गर्दी व्हायच्या आत." आणि बारा सकाळी तुम्ही एकीकडे सॅम्पल घेत, एकीकडे माझी शिकवणी घेतलीत. कुठल्या क्लासला फी भरून पण असं मिळालं नसतं.

आणि ह्यात मला सगळ्यात भारी काय वाटलं माहितीये का, तुम्ही आयुष्यात एकदाही नानांच्या पक्षाला मत दिलेलं नाही. आख्ख्या गावाला माहितीये. पण तुम्ही सुरुवात केलीत ती नानांच्या गावापासून, चित्तेपिंपळगावपासून, 1945 चा जन्म, शेतकऱ्याचं घर, शिक्षण दहावीपर्यंत, तेराव्या वर्षी संघाच्या शाखेत, आणि फुलंब्रीत पेपर विकलेले. "पेपर विकणारा माणूस पेपरात यायला किती वर्षं लागली ते मोज," म्हणालात. मोजलं मी. 1985 ला औरंगाबाद पूर्वमधून पहिल्यांदा आमदार, आणि राज्यपाल 2024 ला, म्हणजे नुसत्या आमदारकीपासून धरलं तरी एकोणचाळीस वर्षं होतात. शपथ घेतली तेव्हा एकोणऐंशीला फक्त सतरा दिवस कमी होते.

मी आपली मंत्री कधी, विधानसभा अध्यक्ष कधी असं लिहून घेत होते, 1995 च्या युती सरकारात मंत्री, 2014 ते 2019 अध्यक्ष. तुम्ही वही बाजूला ठेवायला लावलीत. म्हणालात 2004 चं सांग. मला माहितीच नव्हतं की 2004 ला पडले, आणि 2009 ला परत पडले, तेव्हा फुलंब्री मतदारसंघ नवीनच झाला होता. दहा वर्षं आमदारकी नाही आणि वय साठीच्या पुढे. एवढ्यात भलेभले घरी बसतात. त्या दहा वर्षांत माणूस काय करत होता हे बघ, तिथे खरं उत्तर आहे, असं तुमचं म्हणणं. सहकार, कारखाना, दूध, लोकांच्या दहाव्याला आणि लग्नाला जाणं. जिल्हा दूध संघाचे अध्यक्ष होते ते, म्हणून तुम्हाला पक्ष सोडून बाकीचं माहिती, दर दहा दिवसांच्या पगारातून माणूस कळतो म्हणे. (दुधाच्या बिलाला आमच्याकडे पगार म्हणतात, पुण्यातल्या रूममेटला हे समजावताना अर्धा तास गेला होता माझा.)

गोड गोडच सांगितलं असंही नाही हां. 12 नोव्हेंबर 2014 चं नाव काढलं की तुमचा आवाज अजून चढतो. सकाळी नाना बिनविरोध अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला. बहुमताला 145 लागतात, भाजपचे निवडून आलेले 122, विरोधक मतविभागणी, म्हणजे मतं मोजून घ्या असं मागत होते आणि ती झाली नाही. "डेअरीवर सुद्धा मी डोळ्यांनी फॅट ठरवत नाही, मशीन लावतो," हे तुमचं वाक्य मी कुठल्याच इंटरव्ह्यूत वापरू शकणार नाही, पण पॉलिटीच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त लक्षात राहिलंय.

मग राज्यपाल हे काय प्रकरण आहे ते. मला 153 पासून 159 पर्यंत कलमं तोंडपाठ, पण तुम्ही विचारलंत की दूध संघाच्या चेअरमनला कोण निवडतं, मी म्हटलं शेवटी सभासदच. आमदाराला? मतदार. मग राज्यपालाला? कोणीच नाही, राष्ट्रपती नेमतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंतच राहतो, पाच वर्षं ही फक्त मुदत. म्हणजे आयुष्यभर मतं मागत फिरलेला माणूस शेवटी अशा खुर्चीत जातो जिथे मत मागायचंच नाही, आणि बोलायचं पण मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने. हे प्रमोशन आहे की रिटायरमेंट, ह्यावर आपलं दोन दिवस भांडण झालं आणि तुमची चार सॅम्पलं उलटसुलट झाली. मी अजून पण म्हणते दोन्ही आहे. शिवाय 158 कलमाने आमदारकी आपोआप जाते, ते वाचलेलं होतं पण आपल्याच तालुक्याची खुर्ची रिकामी झाल्यावर कळलं. नोव्हेंबरात निवडणूक होतीच, अनुराधाताई चव्हाण आल्या.

आणि वसंतदादा! हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी आयुष्यात जोडलं नसतं. ज्या 1985 ला नाना पहिल्यांदा विधानसभेत गेले त्याच वर्षी सांगलीचे वसंतदादा पाटील राजस्थानचे राज्यपाल होऊन जयपूरला गेले, 1987 पर्यंत होते. ते सातवी शिकलेले, कारखाना उभा केलेले. नंतर 2004 ला प्रतिभाताई पाटील, राजस्थानच्या पहिल्या महिला राज्यपाल, तिथून थेट राष्ट्रपती. म्हणजे त्या एका बंगल्यात सांगली, जळगाव आणि आता आपलं चित्तेपिंपळगाव. राज्यपालाला वयाची अट 35 आहे, शिक्षणाची नाहीच, हे मी कोरडं पाठ केलेलं, तुम्ही त्यात माणसं बसवलीत.

कुलपतीचा घोळ पण तुम्हीच सोडवलात, कात्रण काढून. आपल्याकडे राज्यपाल कुलपती आणि विद्यापीठ चालवतात ते कुलगुरू. तिकडे राज्यपाल कुलाधिपती, आणि आपल्या कुलगुरूंना ते कुलपती म्हणायचे. मग मार्च 2025 मध्ये तिकडच्या विधानसभेने विधेयक करून कुलपतीचं कुलगुरू केलं. तुम्ही म्हणालात, "बघ, आपला शब्द गेला तिकडं." नानांमुळे गेला का, ह्यावर मात्र तुम्ही "सरकारनं केलं, ते का केलं ते त्यांना विचार" म्हणून हात झटकलेत.

आता खरी गंमत. खऱ्या इंटरव्ह्यूत राज्यपालाचा एक सुद्धा प्रश्न आला नाही!! चित्तेपिंपळगाव, वसंतदादा, 158, सगळं घेऊन बसले होते मी आणि मॅडमनी विचारलं, घरी गाई आहेत लिहिलंय, मग दुधाचा दर कसा ठरतो. तात्या, मला हसूच आलं आधी. फॅट, एसएनएफ, गाईला साडेतीन आणि साडेआठ टक्के, एसएनएफ म्हणजे प्रोटीन, लॅक्टोज आणि क्षार, पॉइंट कमी झाला की दर कसा कापतात, पावसाळ्यात हिरवा चारा जास्त झाला की फॅट कशी खाली येते, शेतकरी मशीनवर संशय का घेतो. दहा मिनिटं बोलले. एकदा तर "आमचे तात्या म्हणतात" असं निघून गेलं तोंडातून. मॅडम म्हणाल्या कोण तात्या, मी म्हटलं डेअरीवाले, त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

पोस्ट मनातली नाही मिळाली, एक खालची मिळाली, ते तुम्हाला कळलंच आहे, आईने पेढे दिले तेव्हा तुम्ही "दूध कुठलं वापरलंय" विचारलं म्हणे. जॉइनिंगच्या आधी रविवारी येतेय. फाईल घेऊन येते, पण 2014 चं ते आवाजी मतदानाचं कात्रण मी ठेवून घेणार आहे, त्याच्यावर तुम्ही पेनाने "मशीन लावा" लिहिलंय ना, ते. आणि साडेपाचलाच येईन, चहा नका करू, आधी थँक्यू ऐकून घ्या.