साचलेल्या पाण्यात गाडी घालू नका

महोदय,

गेल्या आठवड्यात कामावरून परतताना पुलाखालच्या रस्त्यावर पाणी भरलं होतं. पुढची गाडी पार झाली, म्हणून मीही घातली. मध्यावर पायाखालचं मॅट तरंगायला लागलं, स्टिअरिंग एकदम हलकं झालं आणि इंजिन बंद पडलं. घाबरून मी पुन्हा चावी फिरवली, ही मोठी चूक. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, त्यामुळे आतला कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. माझा वाकला.

इंजिनाचं काय, ते दुरुस्त होतं. पण वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी तरंगू शकते, २ फुटांत मोठ्या गाड्याही वाहून जातात. गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की खचलाय, हेही कळत नाही. पाणी दाराच्या मध्यापर्यंत चढलं, दार उघडेना. काच वेळेत खाली केली होती म्हणून खिडकीतून बाहेर पडले.

अशा खोलगट जागी पाण्याची खोली दाखवणारी पट्टी रंगवा, पाणी चढताच रस्ता बंद करा, ही कळकळीची विनंती. आणि पुराचा इशारा असेल त्या दिवशी कार्यालयांनी माणसांना उजेडी सोडावं. मी निघाले तेव्हा रात्रीचे ८ वाजून गेले होते.

— एक नोकरदार वाचक