ॲना मूर बोट दाखवते तेव्हा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘वे डाउन ईस्ट’ या 1920 सालच्या मूकपटात शेवटचा बर्फाचा प्रसंग सोडला तर काहीच लक्षात राहत नाही, असे तू लिहिलेस. माझे मत अगदी वेगळे आहे आणि ते सविस्तर कळवल्यावाचून मला राहवत नाही.

त्या प्रसंगाची थोरवी मी नाकारत नाही. त्यातली बरीच दृश्ये अमेरिकेतल्या व्हर्मांट राज्याच्या कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या खऱ्या नदीवर घेतली गेली. हिमखंडावर बेशुद्ध पडलेल्या नायिकेचा, म्हणजे ॲना मूरचा, हात आणि केस पाण्यात सोडावेत, ही कल्पना तिची भूमिका करणाऱ्या लिलियन गिशची स्वतःची. त्या हाताचे दुखणे तिला पुढे कित्येक वर्षे पुरले.

पण माझ्या लेखी कथेचा खरा शेवट त्याआधीच, ॲना ज्यांच्या घरी कामाला असते त्या बार्टलेटांच्या जेवणाच्या टेबलापाशी होतो. खोटे लग्न लावून जिला फसवले, जिचे तान्हे मूल तिनेच बाप्तिस्मा दिल्यावर तिच्या कुशीत दगावले, त्या ॲनाला घरचा कर्ता स्क्वायर बार्टलेट ऐन हिमवादळात घराबाहेर काढतो. पण ती मुकाट्याने निघून जात नाही. तिला फसवणारा सँडरसन त्याच टेबलाशी मानाचा पाहुणा म्हणून बसलेला असतो. ती त्याच्याकडे बोट दाखवते आणि माझ्याबद्दल एवढे शोधून काढलेत, मग याचे आयुष्य का नाही तपासलेत, असा जाब साऱ्या घराला विचारते. तोवर घाबरून राहिलेली गिश इथे ताठ उभी राहते, आणि आवाज नसलेल्या पटात तो जाब मला स्पष्ट ऐकू येतो. हा पट सप्टेंबरात न्यूयॉर्कमध्ये प्रथम दाखवला गेला, तेव्हा अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती मंजूर होऊन जेमतेम पंधरवडा उलटला होता. प्रेक्षागृहातल्या बायकांना ते बोट कसे वाटले असेल, याचा मी नेहमी विचार करतो.

नदीतल्या हिमखंडावरून वाहत चाललेल्या तिला स्क्वायरच्या मुलाने, डेव्हिडने, धबधब्याच्या तोंडावरून वाचवल्यानंतर स्क्वायर क्षमा मागतो, सँडरसन लग्नाला तयार होतो आणि ती त्याला नकार देते. हा नकार मला फार मोलाचा वाटतो. मात्र लगोलग तीन जोडप्यांची लग्ने एकत्र लागतात आणि ॲनाची बदनामी घरापर्यंत पोहोचवणारी गावातली चहाडखोर मार्थाही त्यांतली एक वधू असते, हे मला आजही पटत नाही. तिने ॲनाकडे क्षमा मागितल्याचे एखादे दृश्य तरी ग्रिफिथने ठेवायला हवे होते.

तुझे उत्तर लवकर यावे.

तुझाच मित्र