पंख बंद होण्याआधी कुणीतरी बघायला पाठवा

मा. केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्री,
राजीव गांधी भवन, नवी दिल्ली यांस

स.न.वि.वि.

दोन माणसांचं मायक्रोलाइट, म्हणजे अगदी हलकं विमान आखायला बसलं की पहिली भांडणं वजनावरून होतात. उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन 450 किलो धरा. दोन माणसांचे 160 गेले, पन्नास लिटर पेट्रोलचे 36. ऐंशी अश्वशक्तीचं रोटॅक्स इंजिन रेडिएटर आणि प्रोपेलरसकट 80 च्या घरात जातं. उरले पावणेदोनशेच्या आत. त्यात पंख, शेपूट, सांगाडा, चाकं, खुर्च्या सगळं बसवायचं. बुलेट मोटारसायकल याहून जड भरते! मग जिथे तिथे कात्री लागते. ती स्पारला, म्हणजे पंखाच्या आतल्या कण्याला लागली तर जिवाशी खेळ.

स्पार तपासायची रीत जुनीच आहे. पंख उलटा बांधायचा आणि वर वाळूच्या गोण्या रचायच्या. विमानाच्या वजनाच्या चौपट भार धरला तर एका पंखावर साधारण नऊशे किलो. वाक मोजायचा, गोण्या उतरवल्यावर पंख पूर्ववत होतो का ते पाहायचं. पण जोडात इपॉक्सी, म्हणजे चिकटवायचं रसायन, नीट भरलंय की आत पोकळी राहिलीय, हे वरचं आवरण चिकटवण्याआधीच दिसतं. नंतर फायलीतल्या फोटोंवर भिस्त.

ब्रिटनमध्ये हौशी विमानकारांची संघटना 1946 पासून आहे. तिचे इन्स्पेक्टर गॅरेजमध्ये येऊन टप्प्याटप्प्याला सही करतात. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान 2016 मध्ये 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात सगळ्यांनी पाहिलं. नोंदणी 2017 मध्ये झाली, उडवायची परवानगी 2019 मध्ये मिळाली. ते सहा आसनी होतं, मान्य. पण दोन आसनीवाल्यानेही एवढं थांबायचं का?

मागणी सवलतीची नाही, उलट जास्त तपासणीची आहे. ओझरच्या एचएएल या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले, सुखोई लढाऊ विमानांवर हात बसलेले कितीतरी तंत्रज्ञ नाशकात घरी आहेत. अशांमधून डीजीसीएने, म्हणजे आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, जिल्हावार तपासनीस नेमावेत. स्पार तयार झाल्याचं कळवल्यापासून पंधरा दिवसांत त्यांनी यावं, जोड पाहावेत, गोण्यांची चाचणी समोर करून घ्यावी आणि होकार किंवा नकार लेखी द्यावा. त्यांचा भत्ता विमान बांधणाऱ्याकडून घ्या, आमची तक्रार नाही.

आपला,
एक हौशी विमानकार, नाशिक