माणसागणिक प्रेम

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नाताळ-ईस्टर आला की पुरवण्यांतून एक वाक्य हटकून छापून येते : ख्रिस्ती धर्माचा देव सर्वांवर सारखेच प्रेम करतो. वाक्य खोटे नाही, पण अर्धेच आहे. नव्या करारातला येशू दोन माणसांना एकाच मापाने मोजत नाही आणि श्रद्धेचा गाभा तिथेच आहे.

योहानाच्या शुभवर्तमानाचा (येशूच्या चरित्राचा) 11वा अध्याय काढून पाहावा. बेथानी हे यरुशलेमपासून सुमारे 3 किलोमीटरवरचे गाव. तिथल्या मार्था आणि मरिया या बहिणींचा भाऊ लाजर याला कबरेत ठेवून 4 दिवस झाले आहेत. येशू आल्याचे कळताच मार्था गावाबाहेर सामोरी जाते आणि म्हणते, प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता (ओवी 21). थोड्या वेळाने मरिया येते, पायांशी पडते आणि तेच म्हणते (ओवी 32). तक्रार एकच, शब्दही जवळजवळ तेच. मार्थाशी येशू पुनरुत्थानाबद्दल बोलतो, प्रश्न विचारतो, तिच्याकडून उत्तर काढून घेतो. मरियेला तो काहीच समजावत नाही. त्याला कुठे ठेवले आहे एवढे विचारतो आणि रडतो. एकीला आधाराला विचार हवा होता, दुसरीला सोबत. पाचव्या ओवीतही त्याचे प्रेम होते ते मार्थेवर, तिच्या बहिणीवर आणि लाजरवर, असे तिघांचे वेगवेगळे सांगितले आहे. ‘त्या कुटुंबावर’ असे मोघम नाही.

लगेच सहाव्या ओवीत मात्र, लाजर आजारी असल्याचा निरोप मिळूनही येशू होता तिथेच आणखी 2 दिवस राहिला असे आहे. हा भाग प्रवचनांत बहुधा गाळला जातो. देवाचे माझ्यावर प्रेम आहे, म्हणजे माझे दुखणे बरे होणार, नोकरी लागणार, व्हिसा मिळणार, असा हिशेब काही प्रार्थनासभांतून मांडला जातो आणि बरे न झालेल्याच्या माथी ‘तुझा विश्वास कमी पडला’ हा ठपका येतो. बायबलमध्ये या हिशेबाला आधार नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय 10) एका दमडीला दोन चिमण्या मिळतात, लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय 12) दोन दमड्यांना पाच. म्हणजे पाचवी वर फुकट घातलेली, जिला बाजारात किंमतच नाही. तिचाही देवाला विसर पडत नाही, असे लूक सांगतो. पण मत्तयाच्या वचनात चिमणी जमिनीवर पडतेच. देवपित्यावाचून पडत नाही, एवढेच आश्वासन आहे. शिवाय हे बोलणे छळाला सामोरे जाणाऱ्या बारा शिष्यांना उद्देशून आहे, हेही विसरू नये.

उपासनेतही हा एकेकाचा हिशेब दिसतो. स्नानसंस्कारात (बाप्तिस्म्यात) बाळाचे नाव घेऊन ‘मी तुला’ असेच म्हटले जाते. मिस्साला (कॅथोलिक उपासनाविधीला) हजार माणसे असोत, ख्रिस्तशरीर म्हणजे पवित्र भाकर प्रत्येकाला वेगळे दिले जाते आणि ‘आमेन’ ज्याचे त्याने म्हणायचे असते. पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, हीही एकेकट्याचीच; सामुदायिक पापक्षमेला कॅथोलिक धर्मनियमात फक्त मृत्यूचा धोका किंवा तशाच गंभीर गरजेपुरती मुभा आहे.

यातून दुसरी चूक उद्भवते : देव माझा, तर मी त्याचा खास लाडका. प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टीन यांनी लिहिले की देव प्रत्येकाची काळजी अशी घेतो जणू तो एकटाच आहे. भक्तिपर शुभेच्छापत्रांवर एवढेच छापतात. त्यांच्या वाक्याचा उरलेला भाग असा : आणि सर्वांची अशी, जणू प्रत्येक जण एकेकटा आहे. हा भाग वगळला की शेजाऱ्याशी असलेला संबंधच तुटतो. लूक 15मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात घरीच राहिलेल्या थोरल्या मुलाची अडचण नेमकी हीच. परतलेल्या धाकट्यासाठी मेजवानी झाली म्हणजे आपल्या वाट्याचे काही कमी झाले, असे त्याला वाटते. बाप त्याच्यासाठीही अंगणात येतो. थोरला आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही.

मयताच्या घरी सांत्वनाला जाणाऱ्यांना एक विनंती. ‘देवाला तो जास्त आवडला म्हणून नेला’ हे वाक्य टाळावे. लाजरच्या कबरेपाशी येशू असे काही म्हणाला नाही. समोर मार्था आहे की मरिया, ते आधी पाहावे. मार्था असेल तर ती विचारील त्याचे उत्तर द्यावे. मरिया असेल तर वचने पाठ म्हणून दाखवू नयेत, नुसते शेजारी बसावे.

आपला,
एक वाचक, वसई